आतोबांची पोळ्याची मोहीम

राक्षसभुवनापासून खर्ड्यापर्यंत आमच्या मुलुखात जेवढ्या म्हणून लढाया झाल्या, त्या सगळ्या आमच्या आतोबांना न विचारता झाल्या, हे इतिहासाचं मोठंच दुर्दैव म्हटलं पाहिजे. त्यांना विचारलं असतं तर निम्म्या झाल्याच नसत्या आणि उरलेल्या निम्म्या अजून चालू असत्या. आतोबा म्हणजे माझ्या आत्याचे यजमान. केज तालुक्यात, युसूफ वडगावच्या बाजारापासून कोस-दीड कोसावर त्यांचं गाव. घरची बेताची शेती, एक बैलजोडी, एक म्हैस, एकुलती एक मुलगी आणि लाल फडक्यात बांधलेली एक मोडी बखर, असा त्यांचा सगळा संसार. ही बखर त्यांच्या आजोबांनी कुठल्याशा जुन्या दप्तरावरून स्वतःच्या हातानं उतरवून घेतली होती. संसारातल्या बाकीच्या गोष्टी आत्या सांभाळायची आणि बखर आतोबा सांभाळायचे, म्हणूनच दोन्ही टिकल्या असं आत्याचं मत होतं.

निजाम सरकारच्या शाळेत मास्तर म्हणून माझी त्या गावी नेमणूक झाली आणि मी आत्याकडे राहायला गेलो. पहिल्याच दिवशी आतोबांच्या पाया पडलो, तर आशीर्वाद देण्याऐवजी त्यांनी मला विचारलं, "मास्तर, खर्ड्याला आधी पाणी तोडलं का आधी तोफा डागल्या?" मला माहीत नव्हतं. "मंग पोरांना शिकवणार तरी काय?" असं म्हणून त्यांनी सुस्कारा सोडला, आणि त्या दिवशी माझं जे शिक्षण सुरू झालं ते माझी बदली होईपर्यंत थांबलं नाही. विलायतेत तेव्हा मोठं युद्ध पेटलेलं होतं. बाजाराच्या दिवशी कुणी त्याची बातमी आणली की आतोबा ती शांतपणे ऐकून घेत आणि म्हणत, "जर्मनाला कुणीतरी पानिपत वाचून दाखवाय पायजे हुतं. आता उशीर झाला." एवढं बोलून ते तंबाखू मळायला लागत. जर्मनाचा प्रश्न त्यांच्यापुरता संपलेला असे.

देह म्हणाल तर काटकुळा. गुडघ्यापर्यंत धोतर, डोक्याला मोठं थोरलं मुंडासं, आणि कानावर केसांचं असं जंगल की त्यात एखादी तुकडी सहज दडून बसावी. उभ्या जन्मात त्यांनी कुणाला चापट मारली नव्हती. घरात उंदीर निघाला तर ते आत्याला हाक मारत आणि स्वतः बाजेवर उभे राहून तिला डावपेच सांगत. पण डोक्यात अहोरात्र लढाई. युसूफ वडगावच्या बाजाराला जायचं तरी बरोबर चार भाकरी, मिरचीचा ठेचा, भुईमुगाच्या शेंगा आणि पाण्याचा तांब्या घेतल्याशिवाय ते उंबरा ओलांडत नसत. "पानिपतला शूर कमी हुते का? भाकर कमी हुती," असं ते म्हणत. ही रसद कुठे खायची याचेही नियम होते. वाट अर्धी झाली की तळ पडायचा. एकदा मी बरोबर होतो, तेव्हा आमचा तळ जिथे पडला तिथून आत्या अंगणात वाळत घालत असलेलं लुगडं स्पष्ट दिसत होतं. मी तसं म्हटलं, तर भाकरीचा तुकडा मोडत ते म्हणाले, "पाठीमागचा मुलूख नजरंत असावा. पानिपतला ते बी चुकलं."

दसऱ्याला आपट्याची पानं देऊन गळाभेट घ्यायची म्हटली की त्यांना प्रतापगड आठवे. त्या दिवशी उन्हातान्हात ते दोन बंड्या आणि वर कांबळं घालून हिंडत आणि भेटणाऱ्याच्या डाव्या हाताची मूठ आधी उघडून बघत. सगळं गाव हसायचं, पण त्यांना भेटायला येताना प्रत्येक जण मुठी आपणहून उघड्या ठेवायचा. आत्या रागावली की ते बखर घेऊन गोठ्यात जाऊन बसत. गोठ्याला ते जिंजी म्हणत, कारण जिंजीचा वेढा पुष्कळ वर्षं चालला होता. आमच्याकडचा वेढा दुपारच्या जेवणापलीकडे कधी गेला नाही. आत्याच माझ्या हाती ताट द्यायची आणि म्हणायची, "जिंजीला भाकर पोचती कर बाबा. वेढा घातला म्हून काय उपाशी ठिवायचं असतं?"

आतोबांच्या इतिहासाला एक सरकारी अडचण मात्र होती. आमच्या भागातल्या मोठ्या लढाया म्हणजे राक्षसभुवन आणि खर्डा, आणि दोन्हींत हरलेला पक्ष तोच नेमका आता आमच्यावर राज्य करत होता. त्यामुळे चावडीवर खर्डा सांगताना ते 'समोरचे लोक' एवढंच म्हणत. एकदा गस्तीवर आलेले पोलीस अमीन, म्हणजे निजामाचे फौजदार, चावडीवर येऊन टेकले आणि गोष्ट रंगात आलेली पाहून म्हणाले, "बोलो, बोलो काका." पाटलांच्या कपाळाला घाम फुटला. आतोबांनी एकदा अमीनसाहेबांच्या पट्ट्याकडे पाहिलं आणि गोष्ट तशीच पुढे नेली. त्या दिवशीच्या खर्ड्यात दोन्ही फौजा अतोनात शौर्यानं लढल्या, समोरच्यांनी माघार घेतली ती अत्यंत अदबीनं घेतली, आणि किल्ल्यात पाणी संपलं तेव्हा दोन्हीकडच्या लोकांना सारखंच वाईट वाटलं. अमीनसाहेब भला माणूस होता. त्यांनी मिशीतल्या मिशीत हसून विचारलं, "तो आखिर जीत किसकी हुई?" आतोबा हात जोडून म्हणाले, "हुजूर, पाण्याची झाली." अमीनसाहेबांनी त्यांना स्वतःच्या डब्यातलं पान दिलं.

पण हे सगळे झाले घरगुती छंद. आतोबांचं खरं वजन होतं ते चावडीवर. आमचे पाटील दिसायला वाघ, मिशा तर अशा की लहान मुलं रडायची थांबावीत, पण निर्णय म्हटला की त्यांची गाळण उडे. कुठल्याही गावाशी कशावरून तंटा निघाला, की लाठ्या काढायच्या की नाही हे ते स्वतः कधीच ठरवत नसत. सगळे जमले की ते आतोबांकडे वळून विचारत, "काका, इतिहास काय म्हणतो?" आणि आतोबांचा इतिहास नेहमी एकच म्हणायचा, की आता कच खाल्ली तर पुढे पस्तावाल. कच खाल्ल्यानं बुडालेल्यांची उदाहरणं त्यांच्याकडे पोत्यानं होती.

मी येण्याआधी झालेली चिंचेची लढाई ही अशीच त्यांच्या सल्ल्यानं झाली होती. आमच्या गावाच्या शिवेवर एक ओढा आहे आणि ओढ्यापलीकडे एक लहान गाव. त्याला आम्ही नुसतं पल्याड म्हणतो. ओढ्याच्या आमच्या काठावर एक चिंच होती, तिच्या चिंचा पल्याडची माणसं येऊन उतरवून नेत. आतोबांनी चावडीवर राक्षसभुवन सांगितलं. तिथे शत्रूची निम्मी फौज गोदावरी ओलांडून गेली, निम्मी अलीकडे राहिली आणि मग हल्ला झाला. तेव्हा आपणही झुडपांत दबा धरायचा आणि निम्मे लोक ओढ्यात आले की तुटून पडायचं. पल्याडहून आली अकरा माणसं. पाच ओलांडून आली तेव्हा एक जण म्हणाला निम्मे झाले, दुसरा म्हणाला निम्मे म्हणजे साडेपाच, आणि सहावा मध्येच वहाण धुवायला थांबला तो आता अलीकडचा धरायचा की पलीकडचा यावर झुडपात वाद पेटला. तो मिटेपर्यंत अकराही जण आले, चिंचा झोडपल्या, पोती भरली आणि जाताना झुडपात वाकून म्हणाले, "कशापायी बसलाव बे हितं?" मग लाठ्या चालल्या त्या निव्वळ लाजेपोटी. आतोबांना पुढे याविषयी विचारलं तर ते म्हणायचे, "राक्षसभुवनला गोदेला पूर हुता. आपल्या ओढ्याला घोट्याएवढं पाणी. चूक ओढ्याची हाय."

डोकी फुटली ती महिन्याभरात बरी झाली, पण वाट बंद झाली. आमच्याकडची ती रीतच होती. दोन गावांत लाठी चालली की लेकी-सुनांची ये-जा थांबायची. ती दोन वर्षं थांबली. पाटलांची सख्खी बहीण पल्याडला दिलेली. भाऊबीजेला ती तबक घेऊन ओढ्याच्या त्या काठावर उभी राहिली, पाटील या काठावर पाट मांडून बसले आणि तिनं तिकडूनच ओवाळलं. पाटलांनी चोळीचा खण धोंड्याला बांधून पलीकडे भिरकावला, तो एका म्हशीच्या शिंगावर बसला आणि त्यावरून दुसरी लढाई होता होता राहिली. हे सांगताना गाव आजही हसतं. पाटील मात्र ही गोष्ट निघाली की उठून तंबाखू थुंकायला जात आणि बराच वेळ परत येत नसत.

पुढे वाट मोकळी झाली आणि आतोबांनी आपली मुलगी पल्याडलाच दिली. ज्याच्या घरी दिली तो माणूस चिंचेच्या लढाईत तिकडच्यांचा सेनापती होता. "मानूस हुशार. अकराच्या अकरा आनले त्यानं," हेच त्यांनी स्थळाबद्दल आत्याला सांगितलं होतं. मुलीचं नाव गोदावरी. आत्याला वाटायचं ते पवित्र नदीवरून ठेवलं आहे, आणि राक्षसभुवन त्याच नदीच्या काठी आहे हे आतोबांनी तिला कधी सांगितलं नाही. पोरीवर त्यांचा जीव फार. ती सासरी गेली तेव्हा ते तीन दिवस जिंजीत होते आणि त्या वेळी वेढा कुणीच घातलेला नव्हता.

मी गावात आलो त्या वर्षी गोदूला पहिल्यांदाच दिवस गेले होते. सासू वारलेली, घरात दुसरं बाईमाणूस नाही, त्यामुळे पोळा झाला की गणपतीच्या आत तिला माहेरी आणायचं असं दोन्ही घरांनी ठरवलं होतं. आत्यानं बाळंतिणीच्या खोलीला पोतेरं देऊन ठेवलं, डिंक, सुंठ, अळीव जमवले. आणि त्याच वर्षी पोळ्याचं भांडण निघालं.

शिवेवर, ओढ्याच्या काठी मारुतीचं देऊळ आहे. पोळ्याला दोन्ही गावचे बैल सजून तिथे येतात आणि प्रदक्षिणा घालतात. एक वर्ष आमचे बैल पुढे, एक वर्ष त्यांचे, अशी पाळी ठरलेली. आदल्या वर्षी पाळी आमची होती, पण जनावरांत रोग आला म्हणून कुणीच बैल बाहेर काढले नव्हते. आता आमचं म्हणणं, आमची पाळी झालीच नाही, ती शिल्लक आहे, सबब यंदा आम्ही पुढे. पल्याडचं म्हणणं, वर्ष गेलं तशी पाळी गेली, यंदा आम्ही. त्यांनी निरोप धाडला, "एकादशीला जेवला न्हाई म्हून दुसऱ्या दिवशी दोनदा जेवताव का?" आमच्या गावानं जबाब धाडला की हो, जेवतो. बोलाचाली वाढली. पंचमी झाली तशा माळ्यावरच्या लाठ्या खाली आल्या आणि लोक त्यांना तेल पाजू लागले.

चावडी भरली. पाटलांनी मान वळवली. "काका, इतिहास काय म्हणतो?" आतोबांनी मुंडासं काढलं, पुन्हा बांधलं, घसा खाकरला. मी त्यांना इतका वेळ घेताना कधी पाहिलं नव्हतं. शेवटी म्हणाले, "भारताच्या युद्धाआधी किस्नदेव समोरच्याकडं बोलणी कराया गेलते. ते आधी झालं पायजे. मंग बघू." गाव जरा हिरमुसलं, पण उदाहरण बिनतोड होतं. किस्नदेव म्हणून आतोबांनाच धाडायचं ठरलं आणि बरोबर रसद उचलायला मी.

पल्याडला आतोबांच्या व्याह्यांनी, गोदूच्या सासऱ्यांनी, घोंगडं अंथरलं, गूळ-पाणी पुढे ठेवलं. आतोबांनी सुरुवात झकास केली. म्हणाले, "याही, किस्नदेवानं कौरवाकडं पाच गावं मागितलती. मी तर निस्ती एक पाळी मागतो." व्याही गूळ चघळता चघळता थांबले.

"म्हंजी आमी कौरव?"

"तसं न्हाई. हे आपलं उदाहरण हाय."

"उदाहरणात बी आमी कावून कौरव? तुमी व्हा की."

"आमी कसं होताव? आमच्यावर अन्याव झालाय."

"गाव मोठं कुणाचं? तुमचं. आन कौरव जादा हुते का पांडव?" व्याह्यांनी विचारलं. आतोबा इतिहासाच्या बाबतीत फार प्रामाणिक होते. त्यांनी मुकाट्यानं महाभारत बाजूला ठेवलं आणि पानिपत काढलं. त्यात तर मोठाच घोटाळा झाला, कारण मराठे व्हायला दोघेही तयार आणि समोरची फौज व्हायला कुणीच नाही. दोन्ही बाजूंनी मराठेच असलेलं पानिपत काही पुढे सरकेना. खर्ड्याची तीच गत, शिवाय तिथे सरकारी अडचण. घटकाभरात बैल, पाळी, मारुती सगळं बाजूला राहिलं आणि दोन पिकली पानं एकमेकांना, "तूच अब्दाली बे," म्हणायला लागली. मी मास्तर असून मला मध्ये तोंड घालायला जागा सापडली नाही.

तेवढ्यात गोदू दारात येऊन उभी राहिली. चौकटीला हात धरून, पदर सावरत, थकलेली दिसली. सासऱ्यांकडे न बघता तिनं विचारलं, "आबा, गाडी कवा धाडताव? मामंजी म्हंतेत, भांडण झालं तर वाट बंद." व्याही घोंगड्याच्या दशा ओढत बसले. आतोबा म्हणाले, "बघू बाई." त्यांना तेवढंच सुचलं. परत येताना अर्धी वाट आली, मी पडशी सोडली, पण त्यांनी भाकरीकडे पाहिलंसुद्धा नाही. मी एकट्यानं तळ टाकला नाही, बरं दिसलं नसतं.

घरी आत्यानं ताटं वाढली, सगळी हकीगत ऐकून घेतली आणि अगदी सावकाश म्हणाली, "अवो, तुमच्या त्या पोथीत इतक्या लढाया हायेत. त्यातली एखादी अशी हाय का, जिच्यात आपली लेक समोरच्या गावात बाळंत व्हायची हाय? तशी असंल तर वाचा, आन मंग सांगा गावाला काय सांगायचं ते." एवढं बोलून ती ताक घुसळायला बसली. तिनं डोळ्याला पदर लावला नाही, आवाज चढवला नाही. आतोबा मात्र ताटावरून उठले, लाल फडकं उचललं आणि जिंजीत गेले.

तीन दिवस ते शोधत होते. मला मोडी बरी यायची, म्हणून शाळा सुटली की मीही त्यांच्याशेजारी कडब्यावर बसून पानं उलटायचो. काय काय नव्हतं त्या बखरीत. घोडे किती, तोफा किती, तंबूच्या दोऱ्या कुठून आणल्या, कुणाला कसला शेला मिळाला, कुणाचा मान कुणी आधी घेतला आणि कोण रुसून बसलं. एका पानावर कुणा सरदाराच्या हत्तीचं पोट बिघडल्याची सविस्तर नोंद होती, औषधासकट. ती वाचून आतोबांनी त्या ओळीवर बोट ठेवलं. मग म्हणाले, "हत्तीचं लिव्हलंय बघ मास्तर. पोरीचं कुणी लिव्हलं न्हाई." त्यांचा आवाज असा झाला होता की मी म्हशीला चारा टाकायच्या निमित्तानं उठलो. मला त्या क्षणी त्यांची फार माया आली. इतकी वर्षं ज्यांनी गावाला हसत हसत लढाईला धाडलं, ते एका नोंदीसाठी कासावीस झाले होते.

पोळ्याच्या आदल्या दिवशी चावडी पुन्हा भरली. लाठ्या भिंतीला टेकून ओळीनं उभ्या होत्या आणि तेलाचा वास सुटला होता. पाटलांनी विचारलं, "काका, बोला. इतिहास काय म्हणतो?"

"काई म्हणत न्हाई," आतोबा म्हणाले. "सगळा बघितला. गप हाय." लोक एकमेकांकडे पाहायला लागले. आतोबांनी दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवले. "माझी गोदी तिकडं हाय. दिस भरत आलेत. तिच्याजवळ बाई न्हाई. मला भ्या वाटतं. मला लढाई नगं."

आतोबांच्या तोंडून उदाहरणाशिवाय निघालेलं ते पहिलंच बोलणं असावं. गावचा पहिलवान, तिशीतला अविवाहित गडी, नाराजीनं म्हणाला, "काका, हे काय उदाहरण झालं का?" पण पाटील मिशीवरून हात फिरवत म्हणाले, "माझी बी बहीण तिकडं हाय." मग कोपऱ्यातून कुणी म्हणालं त्याची आत्या तिकडे आहे. दुसऱ्याची मेव्हणी निघाली, तिसऱ्याची साक्षात सासूच. हळूहळू चावडीच्या लक्षात आलं की पल्याडला आपलं कुणी नाही असं घरच गावात नाही. एक म्हातारा लाठी बाजूला ठेवत म्हणाला, "मंग आपुन मारायचं कुणाला?" यावर पुष्कळ विचार झाला. तसा एकटा पहिलवान उरत होता, त्याचं तिकडे कुणीच नव्हतं आणि त्याची लढायची तयारीही होती. त्याला यंदा पल्याडचीच मुलगी बघायची असं पाटलांनी तिथल्या तिथे ठरवलं, म्हणजे त्याचाही प्रश्न मिटला. तो लाजला. यंदा पल्याडचे बैल पुढे जातील, असा निरोप निघाला.

लढाई टळली असं तुम्हाला वाटेल. आम्हालाही वाटलं होतं. पोळ्याच्या दिवशी शिंगं रंगवून, झुली घालून दोन्हीकडचे बैल मारुतीपाशी आले. आम्ही बाजूला सरून म्हटलं, "व्हा पुढं." आणि पल्याडचं कुणी हलेना. व्याही आपल्या लोकांच्या पुढे उभे राहून म्हणाले, "समोरचा आपणहून वाट सोडतो तवा पुढं खड्डा असतो. हा कावा हाय. आधी तुमी." आमचे म्हणाले, आधी तुमी. ते म्हणाले, न्हाई, तुमीच. मागच्या आठवड्यात जे पहिलं जाण्यासाठी डोकी फोडणार होते, ते आता दुसरं जाण्यासाठी हातघाईवर आले. ऊन चढलं, घरोघर पुरणाच्या पोळ्या गार व्हायला लागल्या, बैल कंटाळून एकमेकांच्या झुली चाटू लागले. कुणीतरी लाठी आणायला पळालंसुद्धा.

तेव्हा आतोबा एकटेच पुढे झाले. देवळाचा ओटा ओलांडून व्याह्यांजवळ गेले आणि म्हणाले, "याही, चला. खड्डा असंल तर दोघं बी पडू." व्याह्यांनी त्यांच्याकडे रोखून पाहिलं, त्यांची डावी मूठ उघडी आहे ना हे पाहिलं, आणि काठी उचलली. मग दोन्ही गावांदेखत ती दोन म्हातारी माणसं मारुतीभोवती फिरली. व्याही दर पावलाला काठीनं जमीन ठोकून बघायचे आणि आतोबा त्या ठोकलेल्या जागेवर पाय आपटून दाखवायचे. अर्धी प्रदक्षिणा झाल्यावर आतोबांना धाप लागली, तसा व्याह्यांनी त्यांचा हात धरला. तो त्यांनी शेवटपर्यंत सोडला नाही. त्यांच्यामागून पल्याडचे बैल गेले, मग आमचे गेले, आणि सगळे घाईघाईनं जेवायला गेले.

तिसऱ्या दिवशी गोदू माहेरी आली. आतोबा स्वतः गाडी घेऊन गेले होते, आणि गाडीत गवताखाली एवढी रसद होती की पोरीला बसायला जेमतेम जागा उरली. महिन्याभरानं तिला मुलगी झाली. सुटका अवघड झाली, सुईण दोन दिवस घरातून हलली नाही, आणि आत्या मला नंतर म्हणाली की पोरगी तिकडे असती तर हाती लागली नसती. आतोबा ते दोन दिवस गोठ्यात बसून होते. बखर त्यांनी बरोबर नेली नव्हती.

पुढे माझी बदली आष्टीकडे, कड्याला झाली. सुट्टी लागली की मी मांजरसुंब्यावरून बैलगाडीनं आत्याकडे यायचो. आता आतोबा नाहीत. त्यांना जाऊनही बरीच वर्षं झाली. पण मोठमोठी माणसं मागच्या लढाईचा दाखला देऊन पुढच्या लढाईला निघाल्याची बातमी कुठे वाचली, की मला त्यांची शेवटची भेट आठवते आणि गलबलून येतं.

गोदूची मुलगी तेव्हा पाच वर्षांची होती आणि आजोळी आली होती. दुपारी लिंबाखाली बाज टाकून आतोबा तिला पानिपतची गोष्ट सांगत. फौज निघाली, चालत चालत एका नदीवर आली आणि तळ पडला. मग कुणी चुली मांडल्या, कुणी बैल धुतले, कुणाची वहाण हरवली ती सगळ्यांनी मिळून शोधली, कुणी घरी चिठ्ठी लिहायला बसलं. तेवढ्यात पोरगी झोपी जायची. दुसऱ्या दिवशी फौज तिथेच. तिसऱ्या दिवशीही तिथेच. चार दिवस मी शेजारी बसून ऐकलं आणि शेवटी राहवलं नाही. मी म्हटलं, "आतोबा, ही फौज पानिपतला पोचणार तरी कधी?" त्यांनी ओठांवर बोट ठेवलं, झोपलेल्या नातीच्या अंगावर धोतराचा सोगा पसरला आणि हळूच म्हणाले, "कशाला पोचती, मास्तर? पाणी हाय, भाकर हाय. ऱ्हाऊ दी तितंच. सण आला की जातील आपापल्या घरी."